वरच्या अंगाला पाऊस

अण्णा नदीवर पोचले की सगळ्यात आधी एक काडी शोधायचे. बोटाएवढी जाड, हातभर लांब. पाण्याच्या अगदी कडेला, जिथे वाळू नुकती ओली झालेली असते तिथे ती खोचायची, मगच सतरंजी अंथरायची आणि मगच डबा उघडायचा. अण्णा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात होते. निम्मी नोकरी मुरैन्याच्या बाजूला गेली, त्यामुळे आमच्या घरी सहल म्हणजे चंबळ. राजघाटाच्या पुलाशी बसून पुरी-भाजी खाताना त्यांची नजर दर पाच मिनिटांनी त्या काडीकडे जायची. आम्ही दोघी बहिणी हसायचो. आभाळात कापसाएवढा ढग नाही, आणि अण्णा पुराची वाट बघतायत!

"तुम्ही इथलं आभाळ बघताय," ते म्हणायचे. "वरच्या अंगाला कोट्याचं कुणी बघितलंय?"

हे सगळं मी विसरून गेले होते. आठवलं ते मागच्या ऑक्टोबरात, ग्वाल्हेरपासून अर्ध्या पृथ्वीवर, रात्री अडीच वाजता, तंबूच्या चेनशी झटापट करताना.

माझं वय ५४. त्या वयात मी पाठीवर अकरा किलोचं ओझं घेऊन अमेरिकेतल्या एका वाळवंटी नदीच्या पोटातून पाच दिवस चालले. कल्पना भाच्याची. ताईचा मुलगा सॉल्ट लेक सिटीत नोकरीला असतो, सुट्टी मिळाली की डोंगरात जातो. मी त्याच्याकडे महिनाभर जाणार ठरल्यावर त्याने फोनवर विचारलं, "मावशी, तू अजून रोज किल्ला चढतेस का?" चढते म्हटलं. "मग झालं तर!" एवढ्यावर त्याने परवान्याचा अर्ज भरून टाकला. त्या घळीत रात्रीच्या मुक्कामाला दिवसाला फक्त २० माणसं सोडतात. आमचा नंबर लागला हे नशीब की दुर्दैव, ते मला तिसऱ्या दिवसापर्यंत ठरवता आलं नव्हतं.

तयारी म्हणून मी उन्हाळाभर उरवाई गेटने किल्ल्यावर जाताना पाठीच्या पिशवीत आट्याच्या दोन थैल्या घालायचे, पाच-पाच किलोच्या. शेजारच्या भाभींनी एकदा न राहवून विचारलंच, "ऊपर भंडारा है क्या?" भंडारा म्हणजे आमच्याकडे गावजेवण.

'कॅन्यन'ला मराठीत काय म्हणायचं यावरही घरात खल झाला. मी आधी बीहड म्हणत होते. आम्हा ग्वाल्हेरकरांना तोच शब्द जवळचा. पण बीहड मातीचे. चंबळच्या काठचा गाळ पावसाने ओरबाडून झालेले, दर पावसाळ्यात थोडे सरकणारे, शेतं गिळणारे. इथे नदीने अखंड दगड कापलेला. दरी म्हणावं तर दरीला दोन्हीकडे उतार असतो, इथे सरळ भिंती. शेवटी आईने सोडवलं. "घळ म्हणा की. शिवथरघळ नाही का?" ती ८१ वर्षांची आहे आणि आयुष्यात एकदाच महाराष्ट्रात राहिली, लग्नाआधी. पण आमच्या घरात शब्दांचा शेवटचा निकाल तिच्याकडेच असतो.

परिया नदी युटा राज्यात ब्राइस कॅन्यनच्या रंगीत सुळक्यांच्या पायथ्याला उगम पावते, दक्षिणेला वाहत अॅरिझोनात शिरते आणि लीज फेरी या जागी कोलोराडोला मिळते. आम्ही चाललो तो पट्टा व्हाइटहाउस नावाच्या ठिकाणापासून लीज फेरीपर्यंतचा, ३८ मैल, म्हणजे ६१ किलोमीटर. तिथल्या मूळच्या पायूट लोकांच्या भाषेत परिया म्हणजे गढूळ पाणी, असं तिथे सांगतात. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलेलं नाही. जे दिसतंय तेच ठेवलंय. दुधाचा जास्त झालेला चहा असतो ना, तो रंग.

गाडी लीज फेरीला लावून ठेवायची आणि दुसऱ्या गाडीने वर जाऊन चालत खाली यायचं, अशी पद्धत. आम्हाला वर सोडणारा गाडीवाला म्हातारा आणि बडबड्या होता. पेज गाव ओलांडताना त्याने स्टिअरिंगवरचा एक हात काढून बाहेर दाखवला. तिकडे अँटिलोप कॅन्यन. फोटोंमध्ये नारिंगी रेशमाच्या घड्यांसारखी दिसते ती. १२ ऑगस्ट १९९७ ला तिथे खाली उतरलेले ११ प्रवासी पुरात गेले. त्यांच्या डोक्यावर पाऊस जवळजवळ नव्हताच, वादळ कित्येक मैल लांब, नदीच्या वरच्या अंगाला कोसळलं होतं. गाडीवाल्याने हे सांगितलं आणि लगेच बेसबॉलवर गेला. मी मात्र तिथेच अडकून राहिले.

चौकीवर बसलेल्या बाईंनी परवाना तपासला, हवामानाचा कागद दाखवला. आमच्या वाटेवर पाच दिवस ऊन. वर ब्राइसच्या बाजूला दुसऱ्या दिवशी सरी पडण्याची थोडी शक्यता. तिथेही जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस असतो आणि त्याला ते लोक चक्क मान्सून म्हणतात. हा शब्द तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकताना, आपली वस्तू शेजाऱ्याच्या घरात दिसावी तसं वाटलं. ऑक्टोबरात तो सरलेला असतो. पण चुकार ढग असतातच, आपल्या परतीच्या पावसासारखे.

मग त्या बाईंनी काउंटरखालून पाकिटं काढून आमच्यापुढे ठेवली. जाड चंदेरी, आत कसलीशी पावडर. "रोजचं एक," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सूप.

भाच्याने बाहेर आल्यावर समजावलं. घळीत शौचाला खड्डा खणून भागत नाही. जागा अरुंद, सगळी वाळू पुराच्या वाटेतली, खाली झरे. म्हणून प्रत्येकाने आपला मैला त्या पिशवीत करायचा, ती पावडर त्याचा लगदा घट्ट करते आणि वास मारते, आणि ती पिशवी बंद करून शेवटपर्यंत पाठीवर वाहायची. पाच दिवस. मी म्हटलं, मी खाणारच नाही. तो हसला. मी हसले नाही. का ते पुढे सांगते.

पहिला दिवस सोपा. नदी रुंद, घोट्याएवढी, दोन्ही बाजूला ठेंगण्या भिंती. नदीतूनच चालायचं, इकडून तिकडे, पुन्हा इकडे. दिवसात किती वेळा ओलांडली ते मोजणं मी तिसाव्या वेळेला सोडलं. बूट कोरडे ठेवायची आशा पहिल्या दहा मिनिटांत. संध्याकाळी अरुंद भाग सुरू व्हायच्या आधीच मुक्काम केला, कारण पुढच्या काही मैलांत रात्र काढायची नाही, असं त्या बाईंनी बजावलं होतं. तिथे पूर आला तर चढून बसायला जागा नाही.

भाच्याने मोठ्या रुबाबात पाण्याचा फिल्टर काढला. दोन लिटर पाणी काढेपर्यंत तो चोंदला. धुतला, पुन्हा चोंदला. नदीच्या एका भांड्यात बोटभर गाळ बसत होता, फिल्टर बिचारा काय करणार? मग मी माझी पुरचुंडी सोडली. ग्वाल्हेरातल्या आमच्या लश्कर भागातल्या किराणा दुकानातली तुरटी, लिंबाएवढा खडा. विमानतळावर एका अधिकाऱ्याने तो दिव्यासमोर धरून पाहिला होता आणि हे काय आहे, म्हणून विचारलं होतं. मी दाढीचा आविर्भाव करून दाखवला. बाईमाणसाने दाढीचा आविर्भाव केल्यावर त्याने घाईने पिशवी बंद केली.

आमच्या लहानपणी पावसाळ्यात नळाला तिघरा धरणाचं पाणी यायचं ते असंच, मातकट. आई पितळी पिंपात तुरटीचा खडा धरून सहा-सात वेढे फिरवायची आणि सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद असायची. मातीचे बारीक कण सगळे एकाच जातीचा, ऋण विद्युत्भार घेऊन असतात, म्हणून एकमेकांना ढकलत राहतात आणि तरंगत राहतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम ते भांडण मिटवतं. कण चिकटतात, जड होतात, खाली बसतात. मी घडीच्या बादलीत खडा फिरवला. टॉर्चच्या उजेडात आधी काहीच दिसलं नाही. मग पाण्यात दूध फाटावं तशी पिसं दिसायला लागली आणि पाऊण तासात वरचं वीतभर पाणी नितळ. बादलीच्या तळाला नदी बसली होती. तुरटीने जंतू मरत नाहीत, त्यामुळे वरचं पाणी पुन्हा फिल्टरमधून काढलं. या वेळी फिल्टर गुमान चालला. भाचा बराच वेळ बादलीकडे बघत बसला होता. "मावशी, हे तू आईला शिकवलंस की आईने तुला?" आजीने दोघींना, मी म्हटलं.

जेवायला सातूचं पीठ, गूळ आणि चिवडा. गजकीचा, आमच्याकडच्या तीळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, मोसम अजून सुरू व्हायचा होता, ही हळहळ मला पाचही दिवस होती. वजनाला हलकी, पोटाला भारी, ओली होत नाही. डोंगरात न्यायला गजकीसारखा पदार्थ नाही, आणि मी निघाले सप्टेंबरात.

दुसऱ्या दिवशी भिंती जवळ आल्या.

हे कसं सांगावं? आधी उन्हाची पट्टी आपल्या खांद्यावरून भिंतीवर चढते, मग भिंतीच्या वरच्या टोकाला जाते, मग ती फक्त समोरच्या भिंतीवरून परतून येणारी लाली उरते. आवाज बदलतो. पाण्यात पडणारं आपलंच पाऊल मागून कुणी चालतंय असं ऐकू येतं. एका ठिकाणी आख्खा कडाच सुटून खाली आलेला आणि समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलेला, नदी त्याच्या खालून जाते, आपणही. भिंती पाहताना मला सारखे उरवाईच्या वाटेवरचे कड्यात कोरलेले तीर्थंकर आठवत होते. तिथे पंधराव्या शतकात माणसांनी छिन्नीने केलं ते इथे पाण्याने केलंय, फक्त मूर्ती कोरायची राहिली आहे. दगड दोन्हीकडे वालुकाश्मच. आमचा किल्ला याहून कितीतरी जुन्या दगडाचा, पण भिंतीतल्या तिरक्या रेघा मी किल्ल्यावर कधी इतक्या स्पष्ट पाहिल्या नाहीत. त्या रेघा म्हणजे वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांचे उतार. अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूचं अफाट वाळवंट होतं, आणि त्या वाळूतले पुष्कळ कण पार खंडाच्या पूर्वेकडच्या अॅपलेशियन डोंगरांतून नद्यांनी वाहून आणलेले, असं त्या कणांच्या वयावरून निघतं. म्हणजे हा दगडसुद्धा वरच्या अंगाने आलेला.

आणि मग मान वर केली. तीन पुरुष उंचीवर, दोन्ही भिंतींच्या मध्ये, एक ओंडका आडवा अडकला होता. साल निघालेला, दोन्ही टोकं घट्ट बसलेली. तो तिथे कुणी नेऊन ठेवलेला नव्हता.

मी त्याच्या खालून जरा जोरात चालले.

बकस्किन गल्च नावाची दुसरी फट जिथे येऊन मिळते तिथे गार वारा लागला, फ्रिजचं दार उघडल्यासारखा. ती फट आणखी अरुंद, पंधरा-सोळा मैल लांब. भाच्याची तिच्यात डोकावायची फार इच्छा. मी पाण्यात उभी राहून त्याला पाच मिनिटं दिली. मावशीपणाचा एवढाच उपयोग मी तिथे केला.

दुपारनंतर घळ थोडी सैल झाली. बिग स्प्रिंग म्हणतात तो झरा बाराव्या मैलावर आहे. भिंतीच्या बुडातल्या भेगेतून पाणी सरळ बाहेर येतं, थंड, स्वच्छ. आणि त्या ओल्या दगडाला लगडून कोण होतं? हंसराज! आपल्या जुन्या विहिरींच्या आतल्या भिंतीला काळ्या तारेच्या देठाचं, कोथिंबिरीसारख्या पानाचं झुबकेदार नेचं असतं ते. आमच्या वाड्याच्या विहिरीत होतं. विहीर बुजवली तेव्हा गेलं. एवढ्या वाळवंटात, एवढ्या लांब, तेच. मी पानाला हात लावून पाहिला, ओळख पटवायला.

झऱ्यापलीकडे पुराच्या रेषेच्या बऱ्याच वर वाळूचा एक कट्टा होता, तिथे तंबू लावले. कॉटनवूडच्या झाडांची पानं नुकती पिवळी व्हायला लागली होती. एक पक्षी, दिसला नाही पण सबंध संध्याकाळ गात होता, वरच्या षड्जापासून सुटायचा आणि एक-एक स्वर उतरत, शेवटी शेवटी रेंगाळत खाली यायचा. कॅन्यन रेन, भाचा म्हणाला. रेन की फेन ते असो. ग्वाल्हेरच्या गल्लीत वाढलेल्या कुणालाही ती सपाट तान कळली असती, फक्त हा गवई आरोह शिकलाच नव्हता.

झोपायच्या आधी मी नदीवर गेले आणि, खरं सांगते, काही विचार न करता विलोची एक काडी तोडली आणि पाण्याच्या कडेला खोचली. भाच्याने वरून टॉर्च मारला. "काय करतेस?" काही नाही म्हटलं.

अडीचला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज बदलल्याने. नदी दिवसभर खळखळत होती. आता ती घुमत होती. चेन अडकली, मग निघाली. बाहेर आले तर आभाळात चांदण्यांचा खच. भिंतींच्या मधल्या पट्टीत एवढ्या चांदण्या की बोट ठेवायला जागा नाही. एक ढग नाही. टॉर्च खाली मारला. काडी नव्हती.

म्हणजे होती. हातभर काडीतली चार बोटं पाण्यावर होती आणि ती थरथरत होती. तिच्यामागे पाणी हातभर आत, वाळूवर आलं होतं. रंग बदलला होता, चहाचा लाल झाला होता. वर पाईनच्या काटक्या, पानं, फेस. ब्राइसच्या पायथ्याला आदल्या दुपारी सरी पडल्या असणार, आणि ते पाणी रात्रभर चालत आत्ता पोचलं होतं.

मी भाच्याला हाक मारली. तो आला, बघितलं, म्हणाला, "आपण पुष्कळ वर आहोत, मावशी." होतो. कट्टा नदीपासून दोन पुरुष उंच होता. तरी मी शेजारी दुसरी काडी खोचली, आणि तिच्या वर वितीवर तिसरी, आणि आम्ही दोघं दगडावर बसलो. तो अर्ध्या तासाने पेंगायला लागला. मी बसून राहिले.

त्या रात्री मला अण्णांचा चेहरा दिसला नाही, नाटकासारखं काही झालं नाही. मला त्यांचा टेलिफोन आठवला. काळा, जड, आमच्या बाहेरच्या खोलीतला. पावसाळ्यात तो रात्री वाजायचा आणि अण्णा फक्त आकडे बोलायचे. कोट्याहून इतकं सोडलं. इतके दरवाजे उघडले. पाऊस माळव्यात पडलेला असायचा, इंदूर-उज्जैनकडे, जिथे आमचं कुणी नव्हतं. गांधीसागर भरायचं, मग खालची धरणं, मग कोटा बराज, आणि मग मुरैना-भिंडच्या काठची गावं, ज्यांच्या अंगणात ऊन पडलेलं असायचं, ती रात्रीत उठवायची. २०२२च्या ऑगस्टात हेच झालं, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. अण्णा तोवर गेले होते. त्यांना फोनवर आकडे ऐकायला आवडले असते की नाही, सांगता येत नाही.

आणि तिघरा. आमच्या पिण्याच्या पाण्याचं धरण, सांक नदीवरचं. १९१६ मध्ये बांधलं आणि पुढच्याच वर्षी, १९१७च्या ऑगस्टात फुटलं. पायातल्या वालुकाश्माच्या थरांमधून पाणी झिरपत गेलं आणि बांध बसला. खाली माणसं झोपली होती की जेवत होती, कुणास ठाऊक. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले होते तसे आपोआप उघडणारे दरवाजे पुढे तिघऱ्यालाही लागले. अण्णा आम्हाला ते दरवाजे दाखवायला न्यायचे तेव्हा आधी फुटलेल्या धरणाची गोष्ट सांगायचे, मग दरवाज्यांची. क्रम कधी चुकला नाही.

साडेचारला पाणी दुसऱ्या काडीला टेकलं आणि थांबलं. उजाडेपर्यंत दोन बोटं मागे गेलं होतं. झालं एवढंच. पूर म्हणावा असं काहीच नाही. चौकीवरच्या बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी वहीतसुद्धा लिहिलं नसतं. पण आम्ही दहापर्यंत निघालो नाही, आणि निघालो तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं आणि तळाची वाळू पाय ओढत होती. उभं राहिलं की रुतायचं, चालत राहिलं तर निभायचं. एकदा माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला. भाच्याने काठी आडवी दिली. बूट निघाला, सोबत पायही.

मधल्या दिवसांचं फार सांगत नाही. घळ खोल आणि रुंद होत जाते, ऊन खालपर्यंत पोचतं. एका वळणावर वरच्या पठारावर गुरांसाठी पाणी चढवायला कुणी आणलेला जुना पंप गंजत पडला आहे. माणसाची जिद्द म्हणून लोक त्याचा फोटो काढतात. मला तो आमच्या एका काकांसारखा वाटला. शेवटच्या दिवशी तांबड्या कड्यांवर गिधाडासारखा एक प्रचंड पक्षी तरंगताना दिसला, दुर्बिणीतून पाहिलं तर पंखावर चक्क नंबराचा बिल्ला. कॅलिफोर्निया कॉन्डर. १९८७ मध्ये जगात उरलेले २७च्या २७ पक्षी पिंजऱ्यात आणून वाढवले आणि १९९६ पासून या कड्यांवर सोडायला लागले. मी भाच्याला मुरैन्याजवळच्या देवरीच्या घडियाल, म्हणजे सुसरींच्या, केंद्राची गोष्ट सांगितली, चंबळच्या वाळूतली अंडी आणून, पिल्लं हौदात मोठी करून पुन्हा नदीत सोडतात ती. तो ग्वाल्हेरात प्रत्येक सुट्टीला येऊन गेलेला मुलगा, पण देवरी त्याने पाहिलेली नव्हती. आमचीच चूक. दर वेळी आम्ही त्याला जयविलास राजवाडा दाखवला.

आता त्या पिशव्या.

पहिल्या सकाळी मी दगडाआड गेले आणि काय करायचं ते केलं. पिशवी बंद केली, दुसऱ्या पिशवीत घातली, तिसऱ्यात. पाठीच्या ओझ्यात ती सगळ्यात वर, बाहेरच्या कप्प्यात. वास येत नव्हता. पण चालताना मला ती सतत जाणवत होती, मानेच्या मागे, जणू कुणी बघतंय. दुसऱ्या दिवशी दोन झाल्या. तिसऱ्या दिवशी, पुरानंतर, पाण्यात पाय टाकत चालताना मला एकदम लक्षात आलं की हे मी आधी पाहिलंय. पाठीवर नाही. डोक्यावर.

लश्करातल्या आमच्या गल्लीत मी सहा-सात वर्षांची होईपर्यंत मागच्या बाजूला टोपलीचे संडास होते. घराच्या मागे एक अरुंद बोळ, बोळाला लागून एक लोखंडी झडप. सकाळी एक माणूस यायचा. "जमादार आला," अशी हाक व्हायची आणि आम्ही मुलं आत पळायचो. तो झडप उघडायचा, खरवडायचा, टोपली डोक्यावर घेऊन जायचा. तो गेल्यावर आजी उंबऱ्यावर बादलीभर पाणी ओतायची. ते पाणी बोळातून नालीत, नालीतून स्वर्णरेखेला. स्वर्णरेखा नदी होती, हे मला मोठेपणी कळलं. आम्ही तिला नालाच म्हणायचो. मैला डोक्यावर वाहायला बंदी करणारा कायदा आला १९९३ मध्ये. आमच्या घरात फ्लश त्याच्या बराच आधी आला, अण्णांनी कर्ज काढून बसवला, आणि आम्ही त्याबद्दल स्वतःला फार सुधारलेले समजत होतो.

पाच दिवसांचं माझं स्वतःचं, एकटीचं, तीन पदरी पिशवीत, वास मारणारी पावडर घालून. आणि मला ते जड झालं होतं. त्या माणसाने रोज किती घरांचं नेलं? पावसात टोपली गळायची तेव्हा काय करायचा?

भाच्याला हे मी चालता चालता सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आजीला माहीत असेल ना त्याचं नाव?"

लीज फेरीला परिया कोलोराडोला मिळते. वर ग्लेन कॅन्यनच्या धरणाने १९६३ पासून कोलोराडोचा सगळा गाळ अडवलेला, त्यामुळे ती तिथे काचेसारखी हिरवी आणि बर्फासारखी गार येते. आमची नदी तिच्यात लाल पाणी घेऊन शिरते, आणि बऱ्याच लांबपर्यंत दोन्ही पाणी शेजारी शेजारी चालतात, मध्ये सरळ रेघ. भाचा गाडी आणायला गेला. मी बुटांसकट पाण्यात बसले, लाल बाजूला. मग उठून कचऱ्याच्या लोखंडी पेटीपाशी गेले, झाकण उचललं आणि पाच पिशव्या एकेक करून आत टाकल्या. पेटीवर पाटी होती, इथे टाका म्हणून. पुढे त्या कुणीतरी उचलणार होतं. झाकण पडल्याचा आवाज मोठा झाला. मी हात तीन वेळा धुतले.

नोव्हेंबरात घरी आले. आईला फोटो दाखवले. हंसराज तिने लगेच ओळखला, ओंडक्याचा फोटो बघून "अगं बाई" म्हणाली. तुरटीचं ऐकून खूश झाली. मग मी विचारलं, आपल्या बोळात यायचा त्या जमादाराचं नाव काय होतं?

ती विचार करत बसली. गजकीचा तुकडा हातात तसाच होता. त्याला एक मुलगी होती, म्हणाली, ती नंतर यायची, हातात चांदीचं कडं असायचं. तो दिवाळीला दारात उभा राहायचा, आपण लांबून ताट द्यायचो. उंच होता. डाव्या पायाने थोडा लंगडायचा. अजून थोडा वेळ गेला.

"जमादारच म्हणायचो की," ती म्हणाली.